पहिलं बरं की दुसरं

शनिवार, ४ मार्च

आज यांना मी दोन दिसले.

सकाळी दुकान उघडताना कुलूपच सापडेना. किल्ली दोनदा शेजारच्या पट्टीवर आपटली. मी हसले, तर म्हणाले, कुलपं दोन आहेत, खरं कुठलं ते सांग. मला वाटलं नेहमीची थट्टा. पण आत आल्यावर भिंतीवरचं घड्याळ दोन, अक्षरांचा तक्ता दोन आणि मीही दोन, एकमेकींना खेटून उभ्या. "एकीला सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले, आता ही दुसरी कुठून?" म्हणाले आणि खुर्चीत बसले.

चष्म्याच्या दुकानदाराला एकाचे दोन दिसायला लागले तर तो दोष चष्म्यालाच देणार. गेल्याच आठवड्यात यांनी स्वतःच्या नव्या काचा बसवल्या होत्या. त्या यंत्राखाली तीनदा तपासल्या. नंबर बरोबर, मध्य बरोबर. मग प्रिझमचा खण बाहेर काढला. प्रिझम म्हणजे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ अशी काच. नजर फाटली की ती चित्राला ढकलून जागेवर आणते. गिऱ्हाइकांच्या नाकावर चढवतो ती गोल, काळी, स्क्रूंनी भरलेली तपासणीची फ्रेम यांनी स्वतः घातली आणि एकेक काच खाचेत सरकवत तक्त्याकडे बघत राहिले. मी नेहमीसारखी शेजारी बसून आकडे लिहीत होते. सहाव्या काचेला दोन घड्याळं हळूहळू जवळ आली आणि एकमेकांत विरघळली, असं यांनीच सांगितलं. चेहरा असा खुलला, जणू सूर्यच दुरुस्त करून ठेवला.

कार्डावर नावाच्या जागी काय लिहू विचारलं. म्हणाले, लिही, हट्टी गिऱ्हाईक.

दुपारी ऊन काउंटरवर आलं, काचांतून सांडलं आणि माझ्या वहीवर छोटी इंद्रधनुष्यं पडली. मला ती तपासणीची खुर्ची आठवली. मी सतरा वर्षांची होते. माझ्या ओळी वर चढत जातात म्हणून कॉन्व्हेंटमधल्या अक्षर शिकवणाऱ्या सिस्टरांनी मला डोळे तपासायला पाठवलं होतं. तेव्हा दुकान यांच्या वडिलांचं होतं आणि हे नुकते शिकून आलेले. माझ्यासमोर काचा बदलत पहिलं बरं की दुसरं, असं विचारायचे. आवाज असा सपाट की त्यात वाराच नाही, थांबलेल्या पाण्यासारखा. मला पहिल्या फेरीतच दुसरं स्वच्छ दिसलं होतं. पण मी म्हणत राहिले, सारखंच आहे, दोन्ही सारखंच. पाऊण तास. बाहेर आई ताटकळली होती.

रविवार, ५ मार्च

दिवसभर हे ती फ्रेम घालूनच वावरले. चहा पिताना कपाची कड फ्रेमच्या स्क्रूला लागायची. दोनदा उलटी झाली. प्रिझमने मळमळतं, हे तेच गिऱ्हाइकांना सांगतात, आठवडाभर सवय होऊ द्या म्हणतात. आता स्वतःलाच सांगत होते. चालताना एक हात भिंतीवर ठेवून चालत होते. घर होडीसारखं हलतंय म्हणाले. बोलणंही जरा जड, तोंडात खडीसाखर धरून बोलल्यासारखं. दुपारी झोप काढली तर ते बरंच सुधारलं.

यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. भावोजींनी सारं ऐकून घेतलं आणि म्हणाले, वहिनी, दादाला आयुष्यात पहिल्यांदा दुसरी बाजू दिसतेय, दिसू द्या. मग म्हणाले, कानाचं असेल, आमच्या ऑफिसात एकाला असंच झालं होतं, चार दिवसांत गेलं. लेकीचाही फोन आला. तिला सांगायचं नाही अशी यांची ताकीद होती. ती लांब राहते, उगाच सुट्टी काढून धावत येईल. मी सांगितलं नाही. सगळं छान आहे म्हटलं.

जिना उतरताना यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सारा भार टाकला. इतक्या वर्षांत असे कधी चालले नव्हते माझ्यावर रेलून. खोटं का लिहू, मला ते आवडलं. आम्ही दोघं एखाद्या म्हाताऱ्या नाचात असल्यासारखे पायरी पायरी खाली उतरलो.

बुधवार, ८ मार्च

हॉस्पिटलच्या खिडकीपाशी बसून लिहिते आहे. ही वही पर्समध्ये कशी आली ते आठवत नाही.

सोमवारी सकाळी साडेसातला हे दाढी करत होते. काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी गेले तर हे फरशीवर बसलेले, अर्ध्या गालावर फेस. मला काही सांगत होते, पण शब्द नव्हते, नुसता सूर होता. मग सूरही थांबला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी यांचा हात हातात धरून होते, पण तो हात मला उलट धरत नव्हता.

इथल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी फोटो काढले आणि मला बाजूला नेऊन कागदावर चित्र काढून दाखवलं. मानेच्या मागून दोन रक्तवाहिन्या वर चढतात आणि कवटीच्या आत एकत्र येऊन एकच होतात. दोन ओढ्यांची एक नदी. ती नदी मेंदूच्या देठाला पाणी घालते. श्वास, गिळणं, डोळे फिरवणं, जागं राहणं, सगळं त्या बोटभर देठात. यांची ती नदी गुठळीने बंद झाली होती. जांघेतून बारीक नळी घालायची, आतून वर मेंदूपर्यंत न्यायची आणि गुठळी ओढून काढायची. नाही काढली तर बहुतेक लोक जातात. काढली तरी काही जातात. मी सही केली.

मग त्यांनी विचारलं, शेवटचे ठणठणीत कधी होते? मी म्हटलं, आज सकाळपर्यंत. लिहायला त्यांचं पेन कागदाला टेकलं, तेव्हा मला ती काळी फ्रेम दिसली, यांच्या नाकावरची. मी म्हटलं, थांबा, तसं नाही. आणि शनिवारचं कुलूप, दोन घड्याळं, प्रिझम, होडी, खडीसाखर, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. कान नव्हता तो, म्हणाल्या, डोळाही नव्हता. नदी आधीच आटायला लागली होती, तिने दोन दिवस निरोप पाठवले होते. अचानक दोन दिसणं, तोल जाणं, बोलणं जड होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला यायचं असतं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही ते निरोप काचेने दुरुस्त केले. इतकं नेमकं, इतकं नीट. सहावी काच. दुसऱ्या कुठल्या घरात माणूस घाबरला असता आणि दवाखान्यात गेला असता.

दोन तासांनी त्या बाहेर आल्या. एका पांढऱ्या कापडावर ती गुठळी होती, पेन्सिलीच्या टोकाएवढी, काळपट लाल. नदी वाहू लागली आहे, म्हणाल्या, पण गुठळी काढल्यावर खाली वाहिनीच अरुंद झालेली दिसली, जुन्या नळाला आतून थर चढतो तशी. आत्ता तिला हात लावला नाही. आधी जागे होऊ देत.

शुक्रवार, १० मार्च

जागे झाले नाहीत.

झोपेचं औषध परवाच बंद केलं. डोळे उघडे असतात, पण ते उघड्या खिडकीसारखे. डॉक्टरीणबाई बोट डावीकडे नेतात, उजवीकडे नेतात, डोळे जात नाहीत. हात दाबला तर उत्तर नाही. चिमटा काढला तरी नाही. घशात नळी आहे, यंत्र श्वास देतं.

लेक काल आली. आल्या आल्या मला मिठी मारली आणि कानात विचारलं, रविवारी फोनवर सगळं छान आहे असं का म्हणालीस. मी तिची बॅग उचलून कोपऱ्यात ठेवली. पुन्हा विचारलं नाही तिने.

इथल्या सिस्टर यांच्या अंगावरूनच एकमेकींशी बोलतात. या पेशंटचं डायपर झालं का, याला वळवून ठेव. वाईट नाहीत त्या, हात फार हलके आहेत. माझं लहानपण एका प्रकारच्या सिस्टरांत गेलं आणि आता हे दिवस दुसऱ्या प्रकारच्या सिस्टरांत चाललेत. कॉन्व्हेंटमधल्याही अशाच आमच्या डोक्यावरून बोलायच्या, दुसऱ्या भाषेत, आणि आम्ही मुली सगळं समजत असूनही दगडासारख्या उभ्या राहायचो. लांब व्हरांडा, मेणाने घासलेली फरशी, तिच्यावर खिडक्यांचे चौकोन पडलेले, आणि त्या चौकोनांवर पाय न देता चालायचं असा आमचा खेळ. इथल्या फरशीवरही दुपारी तसे चौकोन पडतात. मी नकळत ते ओलांडून चालते.

भावोजी पलंगापाशी उभं राहून म्हणाले, वहिनी, खरं सांगू का, दादा यात नाहीये. घर आहे, माणूस निघून गेलाय. मग म्हणाले, दादाने ती जुनी घडी घालायची आरामखुर्ची मला द्यायची कबूल केली होती, हे तुम्हाला माहीत असावं. लेक म्हणाली, काका, चहा घेऊन या.

शनिवार, ११ मार्च

आजचं अक्षर कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना दाखवण्यासारखं नाही.

दुपारी यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे होते. डोळे कोरडे पडतात म्हणून. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे गुंतली होती, तिने मला घालायला सांगितलं. मी हजारोंना घातलेत. उशी सारखी केली, हनुवटी धरली आणि दुकानात म्हणते तसंच, विचार न करता, माझ्या तोंडून गेलं, वर बघा.

यांनी वर बघितलं.

मला वाटलं, थेंबामुळे. मी बाटली खाली ठेवली. म्हटलं, खाली बघा. डोळे खाली आले. सावकाश, पाण्यात बुडणाऱ्या पानासारखे. डावीकडे बघा म्हटलं, तर काही नाही. पुन्हा वर म्हटलं. वर.

इतके दिवस सगळे यांना डावीकडे उजवीकडे बघायला सांगत होते.

मी आरडाओरडा केला नाही. सिस्टरच्या बाहीला धरून आणलं. तिने करून पाहिलं आणि पळत गेली. डॉक्टरीणबाई आल्या, दहा-बारा वेळा विचारलं. तुमचं नाव अमुक असेल तर वर बघा. दोन आणि दोन पाच होत असतील तर वर बघा. यावर डोळे हललेच नाहीत आणि मला वाटलं, हे आतल्या आत हसले. मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या, म्हणाल्या, मला माफ करा, हे मी पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं. त्यांनी मला सांगितलं की देठाचा पुढचा भाग दुखावला की शरीर सगळं बंद होतं, पण डोळे वर-खाली करण्याची वाट जरा वरून जाते, ती वाचते. माणूस आत पूर्ण जागा असतो. सगळं ऐकू येतं. पहिल्या दिवसापासून ऐकू येत असणार.

भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. संध्याकाळी ते एकटेच आत गेले आणि यांच्या कानाशी बराच वेळ बोलले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, खुर्ची तुमच्याकडेच राहू द्या.

आम्ही ठरवलंय. वर म्हणजे पहिलं, खाली म्हणजे दुसरं. पहिलं, खिडकी उघडी, की दुसरं, बंद? वर. पहिलं, लेक वाचून दाखवेल, की दुसरं, मी? खाली.

सोमवार, १३ मार्च

काल दुपारी आणि आज सकाळी हे गेले आणि परत आले.

दोन्ही वेळा यांचं ब्लड प्रेशर खाली आलं होतं. डोळे असे कोरे झाले की शुक्रवारचे डोळे परत आले. पलंगाचं डोकं खाली केलं, सलाईन वाढवलं, वीस मिनिटांनी वर बघा म्हटल्यावर यांनी वर बघितलं. ती वीस मिनिटं मी यांना नावाने हाक मारत होते. बत्तीस वर्षांत नावाने हाक मारली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. अरुंद जागेतून रक्त जेमतेम जातंय. दाब जरा उतरला की देठ उपाशी पडतो. एखाद्या दिवशी ती वाट पूर्ण बंद होईल. त्या आत एक छोटी जाळीची नळी बसवू शकतात, स्टेंट म्हणतात, म्हणजे वाट उघडी राहील. मग हळूहळू हात, आवाज, काही परत येण्याची आशा. पण मेंदूच्या वाहिन्या कागदासारख्या असतात. बसवतानाच फाटू शकते, किंवा बाजूच्या बारीक फांद्या बुजू शकतात. दहातले एक-दोन टेबलावरून परत येत नाहीत. न बसवता औषधांवर ठेवायचं तर काही दिवस, काही महिने, कदाचित वर्षं. कुणी सांगू शकत नाही.

लेक म्हणाली, करू या. मी म्हटलं, विचार करू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही दोघी नाही, तेच ठरवतील. ते पूर्ण शुद्धीत आहेत. आणि मला म्हणाल्या, तुम्हीच विचारा, तुमचं ते नेमकं ऐकतात.

मंगळवार, १४ मार्च

विचारलं.

मी यांच्यासमोर बसले, अगदी जवळ, हात हातात घेतला. डॉक्टरीणबाई आणि लेक पायाशी उभ्या होत्या. मी सांगितलं, बघा, पहिलं म्हणजे ते ऑपरेशन, मेंदूत तार घालायची, कागदासारख्या वाहिन्या, टेबलावरच काहीही होऊ शकतं. की दुसरं, आहे असं राहायचं, आपण दोघं, मी रोज येईन, वाचून दाखवीन, खिडकी उघडीन? बोलता बोलता माझा आवाज भरून आला, साहजिकच आहे.

हे माझ्याकडे बघत राहिले. खूप वेळ. इतका वेळ की लेकीने पाय बदलला. मग डोळे खाली आले.

दुसरं. मी यांच्या कपाळावर ओठ टेकले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू, छातीवरचं कपाटच कोणी उचललं. आता हा आवाज करणारा पलंग, हा यंत्राचा श्वास, हे डोळे, सगळं माझं. मी घरून निळी उशी आणणार आहे. रोज एक तास वाचीन, रोज दुपारी थेंब घालीन, आणि फरशीवरचे चौकोन वर्षभर कसे सरकतात ते बघत राहीन.

डॉक्टरीणबाईंनी फाइलमध्ये लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. मग काढलं, परत लावलं. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, तू विचारताना रडत होतीस."

रडू येणारच ना.

बुधवार, १५ मार्च

आज तिसऱ्यांदा ब्लड प्रेशर उतरलं. बत्तीस मिनिटं.

परत आले तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. शेजारच्या पडद्याआड एक सिस्टर कुण्या बाईला विचारत होती, आता दुखत नाही ना आजी, छान वाटतंय ना? आणि आजी म्हणाल्या, हो बाळ, छान वाटतंय. आणि तो आवाज दुखऱ्या माणसाचा होता.

मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. यांनी एका दुपारी मला पहिल्यांदा एकटीने डोळे तपासू दिले होते. एक निवृत्त शिक्षिका होत्या, गोड, घाबऱ्या. मी विचारलं, हे आता स्वच्छ दिसतंय ना? हो, हो, म्हणाल्या. आठ दिवसांनी त्या डोकं धरून परत आल्या. चष्मा अगदीच चुकीचा होता. आठ दिवस दुखरं डोकं घेऊन त्या तोच लावत होत्या, कारण मुलगी इतक्या आशेने विचारत होती, नाही कसं म्हणायचं.

हे मला रागावले नाहीत. दुकान बंद झाल्यावर त्या खुर्चीत मला बसवलं आणि समोर उभं राहून म्हणाले, "गिऱ्हाईक तक्त्याकडे बघत नाही. आपल्या तोंडाकडे बघतं. आपल्याला काय हवंय ते त्याला कळतं आणि बिचारं तेच देऊन टाकतं." म्हणून आवाज सपाट. म्हणून चेहऱ्यावर काही नाही. आणि म्हणून प्रत्येक उत्तर आलं की तेच पुन्हा उलटं करून विचारायचं, पहिलं दुसरं करायचं आणि दुसरं पहिलं. तरीही तेच निवडलं तर ते त्याचं खरं.

काल मी उलटं करून विचारलं नाही. काल मी यांना काय काय सांगितलं ते वर लिहिलंय. आत्ताच परत वाचलं.

पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

गुरुवार, १६ मार्च

सकाळी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, कालचं, म्हणजे परवाचं उत्तर धरू नका. मी चुकीचं विचारलं. त्यांनी का ते विचारलं नाही, फक्त बरं म्हणाल्या.

मी पलंगाच्या डोक्याशी, यांच्या मागे उभी राहिले, माझा चेहरा दिसणार नाही अशी. लेकीला समोर उभं केलं, डोळे बघायला. तिलाही सांगितलं की चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही. ती म्हणाली, हे जमणार नाही. मग डॉक्टरीणबाई समोर उभ्या राहिल्या.

मी पलंगाची दांडी धरली. थांबलेल्या पाण्याचा आवाज काढायचा होता. मला तो येत नाही, तो यांचा आहे. पण बत्तीस वर्षं शेजारी बसून ऐकलाय. पहिलं, आहे तसं राहायचं. दुसरं, स्टेंट बसवायचा. दोन्हींचे धोके जसेच्या तसे सांगितले, एकही शब्द जास्त नाही. पहिलं की दुसरं?

"खाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खाली म्हणजे आज दुसरं, म्हणजे स्टेंट. पण परवाही खालीच होतं. कदाचित डोळे नुसतेच खाली जात असतील. हे असते तर म्हणाले असते, पुन्हा उलट कर. मी उलटं केलं. पहिलं, स्टेंट बसवायचा. दुसरं, आहे तसं राहायचं. पहिलं की दुसरं?

बराच वेळ यंत्राचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर." आणि थोड्या वेळाने, "अजून वरच."

मी बरं म्हटलं. तेव्हा डोळे खाली आले, असं त्यांनी सांगितलं. मी काही पाहिलं नाही. यांच्या डोक्यावरचे पांढरे केस तेवढे दिसत होते, मधे थोडे विरळ झालेले. मी तिथेच उभी राहून ते सारखे करत राहिले.

सही यावेळी मी डाव्या हाताने उजवं मनगट धरून केली.

शुक्रवार, १७ मार्च

साडेनऊला नेलं.

दाराशी चाक अडखळलं, तेव्हा यांनी एकदा वर बघितलं. छताकडे असेल.

लेक शेजारी बसून माझे केस विंचरत होती. लहानपणी मी तिचे विंचरायचे तसे, दोन भाग करून. भावोजींनी तीन प्रकारची बिस्किटं आणली आणि सगळी स्वतःच खाल्ली. मला सगळं काचेपलीकडून दिसत होतं. माणसं पाण्यातून चालल्यासारखी, हळू, आवाजाशिवाय. मी काही मागितलं नाही. सतरा वर्षांची असताना चॅपलमध्ये गुडघे टेकून मी इतकं मागायचे, नवं दप्तर, गणितात पास, आणि मग ती खुर्ची. आज काही सुचलंच नाही. नुसती बसून राहिले.

सव्वा बाराला डॉक्टरीणबाई आल्या. कपाळावर टोपीचा वळ होता. नळी बसली. फांद्या उघड्या आहेत. आणि परत यायला निघालेत.

मी लेकीच्या हातातला कंगवा घेऊन पर्समध्ये टाकला.

रविवार, २ एप्रिल

ब्लड प्रेशर उतरलं तरी आता हे जात नाहीत. बुधवारपासून यंत्राशिवाय श्वास घेतायत, गळ्यातल्या नळीतून. काल उजव्या हाताचा अंगठा हलला. आज अंगठा आणि पहिलं बोट. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणतात, पुढे काय येईल आणि काय येणार नाही, ते वर्षभर कळणार नाही. चालणं बहुतेक नाहीच.

भावोजींनी त्या बोटाला हात मिळवला आणि म्हणाले, दादा, आता बोट दाखवून मला शिव्या देता येतील. यांनी दिल्या असाव्यात. भावोजी फार खूश दिसले.

बुधवार, १९ एप्रिल

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी अक्षरांचा फळा दिलाय. पुठ्ठ्यावर ओळींत अक्षरं, काना-मात्रांशिवाय, त्या आपण समजून घ्यायच्या. मी फळा धरते, बोट सरकतं, एकेका अक्षराला मिनिट लागतं. सोमवारी पहिला शब्द झाला, पाणी. काल लेक परत गेली, तिला निघताना 'जपून' म्हणाले. पाच मिनिटं लागली आणि तिची गाडी चुकली.

आज दुपारी आम्ही दोघंच होतो. खिडकी उघडी होती. ऊन पलंगाच्या पायाशी आलं होतं. मी महिनाभर ते पोटात घेऊन फिरते आहे, म्हणून सांगून टाकलं. म्हटलं, त्या मंगळवारी मी तुम्हाला चुकीचं विचारलं. मला तुम्हाला गमवायचं नव्हतं, म्हणून तुम्ही नको म्हणावं असं विचारलं. दोन दिवस मी तुमचं उत्तर म्हणून माझंच उत्तर सांभाळलं.

हे माझ्याकडे बघत होते. डोळे आता थोडे डावी-उजवीकडेही जातात. मग बोटाने फळ्यावर टकटक केलं. मी फळा धरला.

क. ळ. ल. मग बराच वेळ थांबून ह. आणि त.

मी मोठ्याने वाचलं, "कळलं होतं?"

डोळे वर गेले. हो.

"मग तरी तसं का सांगितलंत?"

बोट बराच वेळ फळ्याच्या कडेवर राहिलं. मला वाटलं, दमले. मी फळा काढून घेणार, तेवढ्यात पुन्हा निघालं. त. घ. ब. मधे दोनदा घसरलं, मी थांबले. र. ल. ल. स.

मी वाचून दाखवलं. तू घाबरलेलीस.

बोट शेवटच्या अक्षरावर तसंच राहिलं. यांचे डोळे मिटले, झोप लागली होती. मी ते उचललं नाही. ऊन पलंगावरून माझ्या मांडीवर येईपर्यंत फळा धरून बसले.